पनवतीची पोती

"शनिवारी त्या मॅडम येऊ द्यात. माझ्या आवारात एक चप्पल जरी त्यांना सापडली ना, तर ही रसवंती त्यांच्या नावावर करून देते आन मी काशीला जाऊन बसते," असं रतनबाईंनी गुरुवारी सकाळी चरकाशेजारी कमरेवर हात ठेवून जाहीर केलं.

ऐकायला लेक आदिनाथ होता, सून निकिता होती आणि उसाच्या मोळ्या उतरवणारी दोन माणसं होती. यांतल्या कुणाचाही या बोलण्यावर विश्वास बसला नाही. कारण रतनबाईंच्या मागं, लिंबाच्या झाडाखाली, चपलांचा जो ढीग पसरला होता तो रस्त्यानं जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतूनही दिसत होता.

रतनबाईंची रसवंती घोडेगावकडून शिंगणापूरला येणाऱ्या रस्त्यावर, गावात शिरता शिरता लागते. त्यांचे यजमान रंगनाथराव होते तेव्हा तिथं एक लाकडी चरक, एक बैल आणि चिंचेची सावली एवढंच होतं. बैल दुपारी आपोआप थांबायचा, म्हणजे बारा वाजले असं समजायचं. काचेचे ग्लास राखेनं घासायचे. उसाची चिपाडं चुलीत जायची, चुलीची राख उकिरड्यात, उकिरडा शेतात आणि शेतातून पुन्हा ऊस. कचरा हा शब्द सकाळी अंगण झाडताना जेवढा कानावर पडेल तेवढाच.

आता चरक विजेवर फिरतो. मागं गाड्या लावायला मोठं आवार आहे, आंघोळीला नळ आहेत, कपडे बदलायला आडोसे आहेत. शनिवारी तिथं मुंगीला वाट मिळत नाही. साडेसातीचा माणूस येतो, आंघोळ करतो, दर्शन घेऊन येतो आणि जुन्या चपला तिथंच सोडून अनवाणी गाडीत बसतो. चपलांबरोबर पनवती जाते म्हणतात. मागं वळून मात्र बघायचं नसतं. त्यामुळं त्या चपलांचं पुढं काय होतं, हे कुणालाच ठाऊक नसतं.

रतनबाईंना ठाऊक होतं.

त्यांच्या तरुणपणीही लोक चपला सोडून जात, नाही असं नाही. पण तेव्हा माणसाकडे चप्पल एकच असायची. काट्याकुट्याचा रस्ता आला की ती काढून हातात घेणारी माणसं त्यांनी पाहिली होती, कारण पायातला काटा निघतो आणि चप्पल तुटली तर खर्च येतो. त्या काळी साडेसाती आली तरी चप्पल सोडताना माणूस दोनदा विचार करायचा. आता माणसं घरून निघतानाच सोडायच्या चपला वेगळ्या पिशवीतून आणतात.

मागच्या महिन्यात रतनबाईंनी हा ढीग पेटवून दिला होता. रबराचा असा काळाकुट्ट धूर उठला की रस्त्यावरच्या गाड्यांनी भर दुपारी दिवे लावले, आणि एका बसमधले यात्रेकरू शनिदेव कोपले म्हणून खाली उतरून लोटांगण घालायला लागले. त्यांतल्याच कुणीतरी मोबाईलवर धूर टिपला. तो फिरत फिरत नगरच्या एका कार्यालयात पोचला आणि तिथून खेमनर मॅडम आल्या.

मॅडम वयानं लहान, आवाजानं त्याहून लहान. ओरडल्या असत्या तर रतनबाईंनी ओरडून उत्तर दिलं असतं. पण मॅडम इतक्या हळू बोलत की ऐकण्यासाठी सगळ्यांना गप्प बसावं लागे. त्यांनी सांगितलं की धंदा करणाऱ्यानं ओला कचरा वेगळा ठेवायचा, सुका वेगळा. ओल्याचं खत आवारातच करायचं, सुका परवाना असलेल्या माणसाच्याच हाती द्यायचा. जाळायचा नाही, पुरायचा नाही, दुसऱ्याच्या जागेत टाकायचा नाही. आणि ज्याच्या आवारात कचरा जमला, त्याची नीट विल्हेवाट लागेपर्यंत तो त्याचाच.

"पन मॅडम, या चपला माझ्या न्हाईत," रतनबाई म्हणाल्या. "भक्तांच्या हायत. पनवतीबी त्यांचीच."

"पनवती कुणाची ते मला माहीत नाही, आजी," मॅडम म्हणाल्या. "आवार तुमचं आहे."

शनिवारी, म्हणजे नेमक्या शनी अमावास्येला, भल्या सकाळी पुन्हा पाहणी करू, आणि ढीग तसाच असेल तर सगळं सील करू, असं सांगून त्या गेल्या. शनी अमावास्या म्हणजे रसवंतीच्या वर्षाचा कणा. त्याहून मोठी गोष्ट ही, की रंगनाथरावांनी चरकाला पहिला नारळ फोडल्यापासून एकाही अमावास्येला ही रसवंती बंद राहिलेली नव्हती. रंगनाथराव गेले त्याच्या पुढच्याच महिन्यात अमावास्या आली, तेव्हा रतनबाईंनी पदर डोळ्यांपर्यंत ओढून चरकात ऊस घातला होता. त्यांच्या हयातीत इथं सरकारी कुलूप लागलं तर वर जाऊन नवऱ्याला काय सांगायचं, हा विचार त्यांना चार रात्री झोपू देत नव्हता. बढाई होती ती नुसती तोंडाची.

तशी निकितानं बाकीची सगळी व्यवस्था लावली होती. लिंबाच्या साली, आल्याचा चोथा, फुलं यांना खड्डा केला होता. प्लॅस्टिकचे ग्लास बंद करून पुन्हा काचेचे आणले होते, यावर तर रतनबाई मनातून खूश होत्या. राहिला चपलांचा ढीग. गावाची घंटागाडी चालवणारा बन्सी रोज यायचा, सगळं उचलायचा आणि ढिगाला लांबूनच नमस्कार करून निघून जायचा.

"आक्का, मला सरकारनं ओला आन सुका असा दोन परकारचा कचरा नेमून दिलाय," तो म्हणायचा. "शनीचा कचरा हा तिसरा परकार हाय. त्यो माझ्याकडं न्हाई."

रबर नेणारे दुसरे कुणी आहेत का, हे त्या कार्यालयालाच फोन करून विचारावं, असं निकितानं सुचवून पाहिलं. रतनबाईंना ते पटलं नाही. ढीग कुणाला द्यायचा असं विचारणं म्हणजे ढीग अजून आहे असं कळवणं. निकितानं आणखी काही बोलायला तोंड उघडलं तसं त्यांनी तिला आलं किसायला बसवलं.

आणि गुरुवारी दुपारी, खाटेवर पडल्या पडल्या, त्यांना युक्ती सुचली.

त्या उठून बसल्या. म्हणाल्या, "आपल्याकडं चोर न्हाईत, हीच खरी अडचन हाय."

आदिनाथला वाटलं, आईला ऊन लागलं. पण रतनबाईंचा विचार पक्का होता. ज्या गावात घराला दार नाही, कपाटाला कुलूप नाही, ओट्यावर विसरलेली अंगठी आठवड्यानंही तिथंच सापडते, त्या गावात चपलांचा ढीग कमी होणार कसा? ढीग जिथं चोर आहेत तिथं न्यायला हवा. शुक्रवारी घोडेगावचा बाजार. चारी दिशांची माणसं येतात, जनावरं येतात, कांदा येतो. एवढ्या गर्दीत दोनचार तरी चोर असतीलच, सगळेच काही वाया गेलेले नसतात.

"म्हणजे कचरा दुसऱ्याच्या जागेत फेकायचा," निकिता म्हणाली. "मॅडमनी तेच नको सांगितलंय, आत्या."

"आपन फेकत न्हाई. आपन विसरतोय. विसरायला कायद्यात बंदी हाय का?"

याचं उत्तर बहुधा कायद्याकडेही नसावं.

आता प्रश्न पोत्यांचा. फाटक्या पोत्याकडे चोर ढुंकून बघणार नाही, हे रतनबाईंनी ओळखलं होतं. गेल्या हंगामात आदिनाथनं गूळ विकायला म्हणून कोरी पांढरी पोती छापून घेतली होती. त्यावर लाल अक्षरांत 'रतन रसवंती आणि गुऱ्हाळ, शिंगणापूर', खाली डोक्यावर पदर घेतलेल्या, हसऱ्या रतनबाईंचा फोटो आणि फोटोखाली मोबाईलचा नंबर. पोती इतकी देखणी निघाली की रतनबाईंनी त्यांत गूळ भरू दिला नव्हता. आता त्यांनी स्वतःच ती बाहेर काढली.

निकितानं एक पोतं उलगडून त्यांच्यासमोर धरलं. "आत्या, ह्याच्यावर नाव हाय, गाव हाय, फोटो हाय, नंबर हाय."

"मग? चोर कदी फोन करतो का?" रतनबाई म्हणाल्या. "उलट फोटो बघून त्याला वाटंल, चांगल्या घरचा माल हाय."

चपलांना हात कुणी लावायचा नाही, हे ठरलेलंच होतं. आदिनाथनं लांब दांड्याच्या दाताळ्यानं त्या ओढल्या, निकितानं काठीनं पोत्याचं तोंड उघडं धरलं आणि रतनबाई मागं उभं राहून दोघांवरून मीठमोहरी उतरवत राहिल्या. शुक्रवारी उजाडता पिकअपला लिंबूमिरची बांधली, चाकांवर तेल सोडलं आणि पोती भरून मायलेक घोडेगावला निघाले. वाटेत आदिनाथ गाडी इतकी हळू चालवत होता की जणू आत चपला नसून झोपलेली जनावरं होती.

एक पोतं पेट्रोल पंपाच्या कोपऱ्याला विसरलं. एक एसटीच्या थांब्यावर. बाकीची बाजारात, इथं एक, तिथं एक. शेवटचं कांद्याच्या ढिगांपाशी ठेवून रतनबाई समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसल्या आणि कपातल्या चहाच्या वाफेआडून बघत राहिल्या.

पहिला माणूस आला. पोतं एका बाजूला कललं होतं, ते त्यानं सरळ केलं आणि गेला. दुसरा आला, त्यानं मालक कोण म्हणून इकडं तिकडं विचारलं. तिसऱ्यानं, ऊन लागून गूळ पाघळेल म्हणून, पोतं उचलून सावलीत नेऊन ठेवलं. एका म्हाताऱ्यानं सुटलेलं तोंड पुन्हा सुतळीनं आवळून दिलं. रतनबाईंच्या हातातला चहा गार झाला. जग एवढं चांगलं असल्याचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच राग आला.

मग चौकटीचा शर्ट घातलेला एक काटकुळा माणूस आला. त्यानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. पुन्हा डावीकडं पाहिलं. रतनबाई बाकावरून अर्ध्या उठल्या. माणसानं पोत्याशेजारी बसून विडी पेटवल्यासारखं केलं आणि एकदम पोतं खांद्यावर टाकून तो म्हशींच्या गर्दीत नाहीसा झाला.

त्याला हाक मारून आशीर्वाद द्यावा, असं रतनबाईंना वाटलं. दुपारपर्यंत एकेक करून सगळी पोती गेली. परत येताना त्यांनी वाटेत भेळ घेतली, आणि घरी पोचल्यावर लिंबाखालची मोकळी जमीन शेणानं सारवून तिथं रांगोळी काढली.

भेळ संपते न संपते तोच फोन वाजला.

"रतनबाई बोलताय का? मी भिमाजी, घोडेगावहून. तुमचं पोतं पंपावर राहिलं हुतं, मी घरी आनून ठेवलंय बघा."

रतनबाईंच्या घशात शेव अडकली. त्यांनी आवाज गोड केला. "राहू द्या भाऊ. तुमीच ठेवा. गूळ हाय, पोरांना खायला व्हईल."

भिमाजी म्हणाला, "शिंगणापूरचा माल? आन फुकट? न्हाई बाई. आमच्या चुलत्यानं एकदा तुमच्या गावातनं नुसती बादली उचलून आनली हुती. बादली परत देईपर्यंत म्हशीनं दूध दिलं न्हाई. मी सकाळी आनून देतो."

तेव्हा कुठं रतनबाईंच्या डोक्यात उजेड पडला, आणि तो चांगला नव्हता. शिंगणापूरचं कुणी काही चोरत नाही म्हणून गावाला दारं नाहीत. चोरणाऱ्याचं काय होतं त्याच्या गोष्टी अख्ख्या जिल्ह्याला पाठ आहेत. त्या स्वतः रस पाजता पाजता परगावच्या गिऱ्हाइकांना याच गोष्टी आयुष्यभर सांगत आल्या होत्या, चोरून नेणाऱ्याला रस्ता दिसेनासा होतो तो प्रकार तर हातवारे करून. आणि त्यांनीच पोत्यांवर गावाचं नाव लाल अक्षरांत मिरवत बाहेर धाडलं होतं.

फोन पुन्हा वाजला. मग पुन्हा. एसटीच्या थांब्यावरून, एका हॉटेलातून, एका कांदा व्यापाऱ्याकडून. सगळे सज्जन, सगळे घाबरलेले, सगळे सकाळी येणारे. शेवटी रतनबाईंनी फोन बंद करून पिठाच्या डब्यात ठेवला. निकितानं भाकरीचं पीठ शेजारून मागून आणलं.

शनिवारी भल्या सकाळी खेमनर मॅडम आल्या. बरोबर कार्यालयातला सुनील, हातात बॅग. बॅगेत लाख, मेणबत्ती आणि शिक्का आहे, हे आदिनाथनं लगेच हेरून आईच्या कानात सांगितलं.

अमावास्येच्या गाड्या यायला लागल्या होत्या. चपला काढणाऱ्यांवर निकिता काठी घेऊन नजर ठेवून होती. मॅडमनी खताचा खड्डा पाहिला, हातानं माती उकरून पाहिली. सुक्या कचऱ्याचे डबे पाहिले. मग लिंबाखाली गेल्या आणि रांगोळीसमोर थांबल्या.

"ढीग गेला," त्या म्हणाल्या. आवाजात आनंद होता. "कुणाला दिलात, आजी?"

रतनबाईंनी पदर सारखा केला. "मोप लोकांना दिला. ज्याला त्याला हवाच हुता."

मॅडमनी मान डोलावली. तसं लिहून द्यावं लागेल, नावं सांगा, असं त्या म्हणत होत्या. रतनबाईंनी घाईघाईनं त्यांना बसवलं, आलं घालून रस दिला. एकदा या रस पिऊन गाडीत बसल्या की झालं. मॅडम घोट घोट रस पीत होत्या. हळू बोलणारी माणसं रसही हळूच पितात. रतनबाईंचे डोळे ग्लासावर आणि कान रस्त्यावर होते.

ग्लासात तळाला थोडा फेस उरला असताना मोटारसायकल येऊन थांबली. मागच्या बाजूला पोतं आडवं बांधलेलं, आणि पोत्यावरून पदर घेतलेल्या रतनबाई सगळ्यांकडे बघून हसत होत्या.

"फोन का बंद केलाय, बाई?" भिमाजी म्हणाला. "रातभर डोळा न्हाई आमच्या घरात."

"गूळ हाय," रतनबाई मॅडमना म्हणाल्या. "आमचाच. राहिला हुता जरा."

"गूळ कसला," भिमाजीनं पोतं धाडकन खाली टाकलं. "माझ्या पोरानं तोंड सोडून बघितलं ना. चपला हायत नुसत्या. तुमी काय समजून पाठवल्या देव जाने, पन आमी एकबी ठेवून घेतली न्हाई. मोजून घ्या."

मॅडमनी ग्लास खाली ठेवला.

त्यानंतर रस्त्यानं पोती येतच राहिली. कांदा व्यापाऱ्याचा टेम्पो आला. एसटीच्या कंडक्टरनं एक पोतं पुढच्या सीटवर बसवून आणलं होतं, त्याचं तिकीट काढलं नव्हतं तेवढंच. हॉटेलवाल्यानं पोत्याला हारही घातला होता. प्रत्येक जण पोतं ठेवी, देवळाच्या दिशेनं हात जोडी, आणि रतनबाईंकडे असा बघे की आता सगळं बरोबर झालं ना. रतनबाई प्रत्येकाला मानेनं हो म्हणत होत्या. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सगळ्यांत शेवटी चौकटीच्या शर्टातला तो काटकुळा माणूस आला. पोतं डोक्यावर, हातात नारळ, डोळ्यांत पाणी. घोडेगावहून तो चालत आला होता. त्यानं रतनबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं आणि गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात आपण वैजनाथ, पाच लेकरांचा बाप, यापूर्वी कोंबडीच्या वर काही चोरलं नाही, असं सांगितलं. पोतं उघडलं आणि आत जगाची पनवती भरलेली दिसली, तेव्हाच देवानं इशारा दिला हे त्याला कळलं होतं. एवढं बोलून तो उठला, स्वतःच्या पायातल्या चपला काढून त्यानं पोत्याशेजारी ठेवल्या आणि मागं वळून न बघता गेला.

ते बघून हॉटेलवाल्यालाही काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानंही काढल्या. मग कंडक्टरनं. भिमाजीचे बूट नवे होते, तो जरा घुटमळला, पण म्हशीची आठवण होऊन त्यानंही ते सोडले.

मग नेहमीच्याच हळू आवाजात मॅडमनी सगळं सांगितलं. कचरा दुसऱ्याच्या जागेत टाकला, एका ठिकाणी नव्हे, अनेक ठिकाणी, आणि तोही स्वतःच्या नावाच्या छापील पोत्यांतून. असा पुरावा त्यांच्या नोकरीत त्यांना कुणी आपण होऊन आणून दिला नव्हता. नगरच्या एमआयडीसीत चामडं आणि रबर घेणारा परवानाधारक आहे. एक फोन केला असता तर तो स्वतःची गाडी घेऊन आला असता. एवढं सांगून त्या सुनीलकडं वळल्या.

"सील करा."

सुनीलनं बॅग उघडली. रतनबाईंनी चरकाच्या खांबाला धरलं. रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती, काही लोक ग्लास घेऊन तसेच उभे होते.

सुनील पुढच्या बाजूला गेला. मागच्या बाजूला गेला. आंघोळीच्या आडोशांना फेरी मारून आला. मग लाख हातात धरून मॅडमसमोर उभा राहिला.

"मॅडम, कशाला लावू? दारच नाही."

मॅडमनी स्वतः जाऊन पाहिलं. रसवंती म्हणजे खांबांवरचं छप्पर. मागच्या खोलीला चौकट होती, चौकटीला पडदा होता, दार नव्हतं. आवाराला फाटक नव्हतं. तात्पुरतं एक दार बसवून घेता येईल का, असं त्यांनी विचारलं. गर्दीतला एक म्हातारा खाकरला आणि अदबीनं म्हणाला, "बसवा की. शिंगणापुरातलं पहिलं दार सरकारनं बसवलं, एवढं मात्र व्हईल."

सुनील अर्धं पाऊल मागं सरकला. त्याची मीन रास होती, साडेसातीतली.

रतनबाईंनी खांब सोडला. कमरेवर हात गेले. "बघा मॅडम," त्या म्हणाल्या, "आमच्याकडं दार न्हाई, त्याला मी काय करू? कायद्यात बसत आसंल तर मी हितं मधी उभी राहते, मला लावा लाख." गर्दीत खसखस पिकली. आदिनाथनं चरक सुरू केला. एका भक्तानं अर्धा ग्लास मागितला.

मॅडमनाही हसू आलं असावं, कारण त्यांनी खाली मान घातली. पण मान खाली घातली म्हणूनच त्यांची नजर पोत्यांवर गेली.

"रसवंतीला दार नाही," त्या म्हणाल्या. "पोत्यांना तोंड आहे."

सुनीलनं मेणबत्ती पेटवली. डोळे मिटून, हात लांब करून, मनात स्तोत्र म्हणत त्यानं प्रत्येक पोत्याच्या सुतळीवर लाख सोडली आणि शिक्का मारला. नव्या सोडलेल्या चपलांचं वेगळं पोतं झालं, भिमाजीच्या बुटांसकट. मॅडमनी समजावून सांगितलं, पुन्हा तितकंच हळू. हा आता कचरा नाही, हा जप्त केलेला मुद्देमाल आहे. सुनावणी होऊन आदेश निघेपर्यंत तो कुणाला देता येणार नाही, एमआयडीसीतल्या माणसालाही नाही. तो रतनबाईंच्या ताब्यात राहील. रोज सकाळी त्याचा फोटो पाठवायचा. एक पोतं जरी इकडचं तिकडं झालं, तर त्याच दिवशी परवाना रद्द. मग दार असो नसो.

"सांभाळाल ना, आजी?"

रतनबाईंनी लिंबाकडं पाहिलं. रांगोळीवर पोती रांगेनं उभी होती. सगळ्यांवरून त्याच हसत होत्या.

"सांभाळते," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून लिंबाखाली खाट पडली. ज्या पोत्यांना दाताळं लावतानाही मीठमोहरी उतरवावी लागत होती, त्यांवर रतनबाई पावसाळी कागद घालू लागल्या, घुशी लागू नयेत म्हणून भोवती तुरटी टाकू लागल्या. लाखेचा शिक्का बघून येणारेजाणारे थबकत. आत काय आहे म्हणून विचारत. सरकारी आहे, एवढंच त्या सांगत, आणि त्यामुळं विचारणारे आणखी जवळ येऊन बघत. सुनावणीची तारीख पडली, ती पुढं गेली, पुन्हा पडली.

आणि त्या तारखेच्या आदल्या शनिवारी, रतनबाई जेवायला म्हणून घटकाभर आत गेल्या असताना, परराज्यातल्या एका बसच्या क्लीनरनं यात्रेकरूंचं सामान टपावर चढवता चढवता लिंबाखालचं एक पोतंही चढवलं. चोरी नव्हती ती. त्याला वाटलं, आपल्याच शेठजींनी घेतलेला गूळ.

परत आल्या आल्या रतनबाईंना रांगेतली फट दिसली. आदिनाथ मोटारसायकल सुरू करतोय तोच त्या मागं बसल्या होत्या, चप्पल घालायलाही थांबल्या नाहीत. सगळा रस्ता त्या मुलाच्या पाठीवर बुक्क्या मारत हाण, हाण म्हणत होत्या, जणू तो मोटारसायकल नसून रंगनाथरावांचा बैल होता. घोडेगावच्या चौकात त्यांनी बसला गाठलं, समोर आडव्या झाल्या आणि टपाकडे बोट दाखवलं.

ड्रायव्हर खाली उतरला. क्लीनरनं पोतं खाली दिलं. पोत्यावरचा फोटो आणि समोरची बाई यांच्याकडे आळीपाळीनं बघत ड्रायव्हरनं हात जोडले. "माताजी, गलती हो गई. बहुत कीमती सामान है क्या?"

रतनबाईंनी आधी लाख पाहिली. शिक्का शाबूत होता. मग त्यांनी दोन्ही हातांनी पोतं उचललं, मोटारसायकलवर बसून मांडीवर घेतलं आणि छातीशी धरलं.

"लई," त्या म्हणाल्या.

आदिनाथनं गाडी वळवली. थोडं पुढं गेल्यावर तो म्हणाला, "आई, इतकं घट्ट नको धरू, श्वास कोंडंल. पडलं तर पडलं. कुनीतरी आनून देईलच."

रतनबाईंनी पोत्यावर पदर घातला, कारण समोरून धूळ येत होती.